तात्या आरोंदेकरांचे गळके कंडेन्सर

तात्या आरोंदेकर सकाळच्या पाळीला निघाले की त्यांचा डावा हात अंगाला घट्ट चिकटलेला असायचा. उजव्या हातात जेवणाचा डबा, आणि डावा हात असा आवळलेला, की खांदा निखळलाय असं वाटावं. चाळीत नवीन आलेलं माणूस हमखास हळहळायचं, "अरेरे, मिलमध्ये अपघात झाला वाटतं बिचाऱ्याला!" अपघात नाही आणि काही नाही. तात्यांच्या काखेत कंडेन्सर असायचा.

थट्टा करत नाही मी. कंडेन्सर म्हणजे रेडिओत असतो तो. बोटाच्या पेराएवढी मेणकागदाची नळी, दोन टोकांना दोन तारा. वीज घटकाभर साठवून ठेवायची, एवढंच त्याचं काम. असा एकेक कंडेन्सर तात्या दिवसभर काखेत बाळगायचे आणि संध्याकाळी घरी येऊन तपासायचे. मी एकदा न राहवून विचारलं, "तात्या, हे काय चाललंय?"

"घामात कसो वागता ता बघूक होया, बाई," तात्या म्हणाले. "टेबलावर सगळेच शाणे."

लालबागला आमची चाळ. तिसऱ्या माळ्यावर तात्यांची आणि आमची खोली भिंतीला भिंत लावून. तात्या मिलमध्ये इलेक्ट्रिक खात्यात होते. त्यांची बायको शेवंतावहिनी वाइंडिंग खात्यात बावीस वर्षं काढून घरी बसली होती. मूलबाळ नव्हतं. मी दादरच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. घरी मी आणि माझी आई. विज्ञानाची बाई म्हणून चाळीत मला मान होता, आणि मलाही तो हवाच होता, खोटं कशाला बोलू? त्या मानाला पहिला सुरुंग लावला तो तात्यांनी.

झालं असं, की मी गॅलरीत बसून मुलींच्या वह्या तपासत होते. तात्या मागून आले, चष्मा कपाळावर चढवून वहीत डोकावले आणि वाचायला लागले, "कंडेन्सर आपल्यातून वीज गळू देत नाही." एकदा वाचलं, दोनदा वाचलं.

"ह्या कोणी लिवला?"

"मुलीनं. मीच सांगितलंय तसं. पुस्तकात आहे."

"बाई," तात्या अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "असलो एक कंडेन्सर माका आणून देशात? मी फ्रेम करून देवाशेजारी लावतंय. तीस वर्सां ह्या कामात गेली, असो कंडेन्सर मी बघूक नाय. खरो कंडेन्सर गळता, बाई. कमी गळता, जास्त गळता, पण गळता."

मी वही मिटली. विज्ञानाच्या बाईला मिलमधल्या माणसानं शिकवायचं म्हणजे काय! पण तात्या मला हाताला धरून आत घेऊन गेले. त्यांच्या खोलीत खिडकीखाली एक फळी होती. तिच्यावर तारा, जुने रेडिओचे सांगाडे, गजराचं घड्याळ आणि एक चिमुकला निऑनचा दिवा. त्यांनी एक नवाकोरा कंडेन्सर त्या दिव्याला जोडून वीज दिली. दिवा एकदा लुकलुकला आणि विझला.

"झालं की! भरला. नाही गळत," मी म्हटलं.

"ऱ्हवा जरा. घाई कित्याक?"

आम्ही बसलो. घड्याळ टकटक करतंय. मला चुलीवरची डाळ आठवत होती. मी उठणार, इतक्यात दिवा पुन्हा लुकलुकला.

"बघा!" तात्यांना आनंद झाला म्हणाल, तर नाही. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. "थोडी गळली, थोडी परत भरली. हो नवो हा. जुनो बघशात तर डोळो मारल्यासारखो लुकलुकता." मग त्यांनी पुडक्यातले दहा कंडेन्सर एकापाठोपाठ एक लावले. कुणी अर्ध्या मिनिटात लुकलुकला, कुणी तीन मिनिटांनी. दहाही एकाच कारखान्याचे, दहांवर आकडा एकच छापलेला, आणि दोघांचं एकमेकांशी जुळेल तर शपथ. तात्या प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवून त्याचा स्वभाव लिहून ठेवत. 'पावसात आळशी.' 'गरम झालो की फितूर.' 'बरो, पण भरोसो नाय.' शेवटचा शेरा बहुतेक सगळ्यांवर असायचा.

दुसरा धडा मी अंगावर घेतला. शब्दशः घेतला. तात्या एका रेडिओचा मोठा कंडेन्सर रिकामा करत होते. दोन टोकांना पेचकस टेकवला, ठिणगी उडाली, वीज उतरली. पुस्तकाप्रमाणे तो आता ठार रिकामा. मी तो उचलायला गेले तर तात्या ओरडले, "हात लावू नकात!" पण मी कुणाचं ऐकते? दोन मिनिटं उलटली होती. बोट लागलं आणि असा झटका बसला की मी "आई गं!" करून मागं सरले ती थेट वहिनींच्या पाटावर.

"उतरवलेली वीज थोडी परत वर येता," तात्या मान हलवत म्हणाले. "आतल्या कागदात मुरलेली आसता ती. एकदा उतरवली म्हणान मोकळो झालो, असा नाय."

तीच कथा कॉईलची. पुस्तकातली कॉईल म्हणजे नुसतं तारेचं वेटोळं, फक्त चुंबकाचा गुण असलेलं. तात्यांची कॉईल तापायची, कारण तारेलाही अडथळा असतोच. तिच्या एका वेढ्यात आणि दुसऱ्या वेढ्यात थोडा कंडेन्सर निपजायचा. आणि तिला शेजारपाजारचं सगळं ऐकू यायचं. भिंतीतून दिव्याची तार गेली असली की ती गुणगुणायला लागे, खालून ट्राम गेली की खरखरे. "कॉईलीत थोडो कंडेन्सर, कंडेन्सरात थोडी कॉईल," तात्या म्हणायचे. "निव्वळ कोणच नसता, बाई." मी शाळेत मात्र पुस्तकातलंच शिकवत राहिले. परीक्षेत तेच विचारत होते ना!

आता तुम्ही म्हणाल, एवढी उस्तवार कशासाठी? रेडिओ तर चाळीत दोनच. तर ते वहिनींच्या कानांसाठी.

शेवंतावहिनींना ऐकू येत नव्हतं. खात्यातल्या आवाजानं कान हळूहळू गेले आणि शेवटी अगदीच गेले. पण गंमत अशी, की हे चाळीत कुणाला फारसं जाणवत नसे. आमची सगळी चाळ मिलमधली. साचे, म्हणजे माग, चालू असले की खात्यात शेजारच्याचं ओरडणंसुद्धा ऐकू येत नाही, म्हणून मिलमधली माणसं ओठांवरून बोलतात. तोंड मोठं करून, एकेक शब्द ओठांवर मांडून. घरी आली तरी ती सवय सुटत नाही. त्यामुळे वहिनींच्या समोर उभं राहून काहीही बोला, त्या फटकन उत्तर द्यायच्या. नळावरच्या भांडणात तर त्या सगळ्यांत पुढे. मात्र पाठमोरं कुणी हाक मारली की वहिनी आपल्या चालल्याच आहेत.

तात्यांनी चोरबाजारातून एक बंद पडलेलं विलायती कानाचं यंत्र पैदा केलं होतं. साबणाच्या वडीएवढी डबी, आत आवाज वाढवणारे नखाएवढे व्हॉल्व्ह, आणि डबीतून निघून कानात जाणारी वायर. डबी गळ्यात अडकवायची, झंपरच्या आत. म्हणजे गरमी आणि घाम आलाच. म्हणून ती काख! आतला प्रत्येक कंडेन्सर तात्यांनी बदलायला काढला होता, आणि एकही त्यांच्या पसंतीला उतरत नव्हता. वर्ष झालं, सव्वा वर्ष झालं. यंत्र काही वहिनींच्या गळ्यात पडेना.

आणि मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली.

त्या दिवसांबद्दल मी काय सांगू? शाळेला निघताना आई दहा वेळा सांगायची, सरळ घरी ये. गोळीबार झाल्याच्या बातम्या यायच्या, तेव्हा अख्खी चाळ गॅलरीत उभी राहून रस्त्याच्या टोकाकडे बघत बसायची. आपलं माणूस वळणावर दिसलं की बायका आत जायच्या. ज्यांचं दिसलं नाही त्या तशाच कठड्याला धरून उभ्या. संचारबंदी लागली की रस्ता असा सुना, की त्यापेक्षा घोषणा परवडल्या असं वाटायचं.

अशात एक दिवस शेवंतावहिनींनी जाहीर केलं, "मी मोर्चाक जातलंय."

चाळीच्या समितीचे सेक्रेटरी गवाणकर खूष झाले. वहिनींचा आवाज म्हणजे काय विचारता! स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे त्याला आवरच नव्हता. पण तात्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांचं म्हणणं मला लगेच कळलं. मोर्चात सगळ्यांची पाठ आपल्याकडे असते. ओठ दिसणार कुणाचे? मागून कुणी "पळा!" म्हणून ओरडलं, तर वहिनींना कळणार कसं?

"नको जाव," तात्या म्हणाले.

"सगळी जातत. मीच काय घरात बसान लसूण सोलू?"

"तुका ऐकाक येणा नाय."

"म्हणान माका मुंबई नको?"

मी पुढे होऊन म्हटलं, "तात्या, मी जाते त्यांच्याबरोबर. हात सोडणार नाही. आणि तुम्ही ते यंत्र एकदाचं द्या बघू त्यांना. सव्वा वर्ष घासताय!"

"अजून एक कंडेन्सर माका बरोबर वाटणा नाय. घामात..."

"पुरे झालं तुमचं घामात आणि पावसात!" माझा तोल गेला. "पुस्तकातला नको, खरा नको, मग पाहिजे तरी कसला? सरळ सांगा ना, भीती वाटते म्हणून."

"वाटता," तात्या म्हणाले. नुसतं इतकंच. मला खजील व्हायला हवं होतं. पण मी झाले नाही.

यंत्र एकदाचं वहिनींना मिळालं. वहिनींनी त्याच्यासाठी खणाची पिशवी शिवली. पहिल्या संध्याकाळी तात्यांनी बटण दाबलं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "शेवंता." वहिनींच्या हातातली परात खाली पडली. त्या आवाजानं त्या आणखी दचकल्या. मग हसल्या, मग पदर तोंडाला लावून रडल्या. आम्ही सगळे दारात उभे होतो. तात्या मात्र चष्मा पुसत म्हणाले, "आता बरो चालता. पावसाळ्यात काय ता बघूया."

त्यानंतर वहिनी प्रत्येक मोर्चाला. गळ्यात पिशवी, कानात वायर, हातात झेंडा. शेजारी मी. घरी परतलो की तात्या पिशवी काढून घ्यायचे, डबी उघडून मीटर लावायचे आणि विचारायचे, "ऐकाक इला मां?" वहिनी सांगायच्या, "इला." नीट ऐकू आल्यासारखी सगळ्या भाषणांची उजळणीही करायच्या. वक्ता उंच मंचावर, तोंड समोर, ओठ दिसणारच की! पण हे मला तेव्हा सुचलं नाही. विज्ञानाची बाई मी!

तात्या स्वतः मोर्चाला येत नसत. ऐन निघायच्या वेळी त्यांच्या पोटात कळ यायची, नाहीतर चोक तापलेला असायचा. चोक म्हणजे रेडिओतली ती जाडजूड कॉईल. गवाणकर खालून हाक मारायचे, "काय तात्या, चोक थंड झाला की नाही?" खालची माणसं हसायची. तात्या खिडकी लावून घ्यायचे. मला लाज वाटायची त्यांची. बायको रस्त्यावर, आणि हा माणूस दार लोटून आत!

मग तो दिवस आला. लालबागहून निघायचं, परळवरून हिंदमाता आणि पुढे दादरला सभा. नायगावच्या चाळींतली माणसं वाटेत मिळणार होती. मोर्चा मोठा होता. ऊन मी म्हणत होतं. सकाळपासूनच हवेत काहीतरी बरं नव्हतं. दुकानदार फळ्या अर्ध्या लावून उभे होते. पोलिसांच्या गाड्या एका गल्लीत दिसल्या, मग दुसऱ्या गल्लीत. मी वहिनींचा हात इतका घट्ट धरला होता की त्या म्हणाल्या, "मोडशी गो माझो हात."

हिंदमाताजवळ आलो. कापडाच्या दुकानांबाहेर साड्या टांगलेल्या होत्या. घोषणा टिपेला पोचल्या होत्या. आणि एकाएकी मागून आरडाओरडा झाला. "बाजूला! बाजूला व्हा!" कुणी म्हणालं लाठीमार, कुणी म्हणालं अश्रुधूर. काय झालं होतं ते मला आजही ठाऊक नाही. मागून गाडी येत होती, एवढं खरं. माणसांची लाट आली आणि तिनं मला उचलून एका दुकानाच्या पायरीवर नेऊन टाकलं. माझा हात रिकामा होता.

मी वळून पाहिलं. गर्दी दुभंगून दोन्ही बाजूंना गेली होती. मधोमध शेवंतावहिनी एकट्या चालल्या होत्या. झेंडा उंच, मान ताठ, तोंडानं "झालाच पाहिजे!" आणि त्यांच्या मागून ती गाडी भरधाव. त्यांच्या पुढची माणसंही पांगत होती, पण वहिनींची नजर वर, झेंड्यावर. मी ओरडले. काय ओरडले देव जाणे. कानात यंत्र असूनही वहिनी वळेनात, मी घसा फोडून ओरडत होते, आणि पाय माझे पायरीला खिळलेले.

इतक्यात गर्दीतून एक माणूस सुटला. काळी टोपी, हातात डबा. त्यानं वहिनींना कोपराला धरलं आणि असं ओढलं, की दोघं समोरच्या पदपथावर जाऊन आदळली. गाडी निघून गेली. वहिनी सावरल्या, झेंडा सावरला, आणि कुणी ओढलं ते बघायला वळल्या. तोवर तो माणूस दुकानाबाहेर टांगलेल्या साड्यांमागं शिरला होता. दोन नऊवारींच्या मधून मला त्याचा चष्मा दिसला. तात्या आरोंदेकर! मी तोंड उघडणार, तर त्यांनी मला हात जोडले. भर रस्त्यात, साड्यांच्या आड उभं राहून हात जोडले.

"कोण स्वयंसेवक होतो गो?" मी धावत रस्ता ओलांडून पोचले तशी वहिनींनी मला विचारलं. "धडधाकट दिसता. हात दुखयल्यान माझो."

मी त्यांना मिठीच मारली. तेव्हा माझा हात त्या खणाच्या पिशवीला लागला, आणि डबीचं बटण माझ्या बोटांना कळलं. यंत्र बंद होतं.

"वहिनी," मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन म्हटलं, "हे बंद का?"

वहिनी ओशाळल्या. "ह्यांका सांगू नको हां. पयल्या दिसापासून मी बाहेर पडलंय की बंद करतंय. ट्रामची खरखर, तारांचो घूं घूं आवाज. कानात परत खातां चालू झाल्यासारख्या वाटता. बावीस वर्सां ऐकलंय तां, आता परत नको. पण ते किती खपले गो त्येच्यार! माझ्यान सांगवणा नाय."

पाच वाजता आम्ही परत आलो. तात्या गॅलरीत उभे होते, आमच्याआधी घरी पोचून, डबा धुऊन, जसे काही दिवसभर इथंच होते. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. मी तात्यांना कठड्याशी गाठलं.

"तुम्ही तिथं काय करत होतात?"

"लुगडी बघी होतंय," तात्या म्हणाले.

"तात्या!"

ते खाली रस्त्याकडे बघत म्हणाले, "पयल्या मोर्चापासून जातंय. धा पावलां मागे."

ज्या माणसाला मी भित्रा म्हटलं, ज्याला सगळी चाळ हसली, तो प्रत्येक मोर्चाला होता. आणि मी, हात सोडणार नाही म्हणणारी, पायरीवर उभी राहिले होते. माझे डोळे भरून आले. वहिनींनी सांगू नको म्हटलं होतं, म्हणून मी आडून म्हटलं, "तुमचा यंत्रावर भरवसा नाही म्हणून?"

"यंत्र बंद आसता," तात्या शांतपणे म्हणाले.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बॅटरीन. मी रोज मीटर लावतंय मां? चालू ऱ्हवली तर किती उतरतली ता माका ठावक आसा. ठेवन दिली तरी बॅटरी थोडी उतारताच, तितकीच उतारलेली आसता. पयल्याच दिवशी कळला." त्यांनी आत वहिनींकडे एक नजर टाकली. "तिका सांगू नकात. तिका वाटतला, माझी मेहनत फुकट गेली."

"मग सरळ तिच्या बरोबरीनं चाला ना! मागून कशाला, चोरासारखं?"

"बरोबर चाल्लंय तर तिका कळतला, माका ठावक आसा म्हणान. मगे ती ता गळ्यात घालूची नाय." तात्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "आणि ता गळ्यात होया, बाई. कानात वायर दिसली की लोकांका कळता, हिका ऐकाक येणा नाय. मी नाय पोचलंय, तर दुसरो कोणतरी हात धरून वडीत."

खालून कुणीतरी घोषणा देत गेलं. मी पदरानं डोळे पुसले.

"आणि बंदच असतं, तर रोज उघडून तपासता कशाला? कंडेन्सर बदलता, ते कशाला?"

तात्यांना हा प्रश्नच समजला नाही, असा त्यांचा चेहरा झाला.

"एखाद दिवस तिच्या मनात येयत," ते म्हणाले, "आणि चालू करीत. नेमको त्याच दिवशी गळलो तर?"

आतून वहिनींनी चहा आणला. तात्यांनी कप कठड्यावर ठेवला आणि हात पुढे केला. रोजच्यासारखं यंत्र तपासायचं होतं. वहिनींनी गळ्यातली पिशवी काढली, आमच्याकडे पाठ केली, आणि हळूच बटण चालू करून मग ती तात्यांच्या हातात दिली. तात्यांनी डबीकडे पाहिलं. त्यांना दिसलं असणारच, त्यांच्या नजरेतून काय सुटतंय! त्यांनी पिशवी दोन्ही हातांत धरली, वहिनींच्या समोर तोंड नेलं आणि विचारलं, "आज बरा ऐकाक इला मां?"

"बेस इला," वहिनी म्हणाल्या.

मी चहा तसाच ठेवून आमच्या खोलीत आले. मला रडू आवरत नव्हतं. आई विचारत होती काय झालं म्हणून, आणि मला तिला काहीच सांगता येत नव्हतं.